सिद्धेश्वराच्या तळ्याचें एक जुनें चित्र

सात रस्त्याला सात वाटा येऊन मिळतात. त्यांपैकीं सदर बझाराकडे जाणारी माझ्या नित्याच्या परिचयाची आहे. लष्कर, सदर बझार हीं नांवें येथें एके काळीं इंग्रजांची छावणी होती याची साक्ष देतात. पलटणी गेल्या, साहेबलोक गेले, त्यांच्या बंगल्यांतील सामान मात्र हातोहात फिरत राहिलें. जुन्या सामानाच्या दुकानांत डोकावण्याचें मला जें व्यसन आहे, त्याचें मूळ या परिसरांतच असावें. घरांतील मंडळींना तें पसंत नाहीं, हें येथें कबूल केलेलें बरें.

गेल्या दिवाळीच्या आधीं अशाच एका दुकानांत मीं लक्ष्मीची एक तसबीर विकत घेतली. चित्र छापील व अगदीं सामान्य होतें. मला हवी होती ती तिची सागवानी चौकट. घरीं आणून मागचे खिळे काढले, तों आंतल्या पुठ्ठ्यापुढें जाड कागद दुमडून घातलेला आढळला. उलगडून पाहतों तर तें जलरंगांतील एक भूदृश्य! पुढें संथ पाणी, पाण्यांत देवालय, पलीकडे उजव्या हाताला बुरुजांची दुहेरी रांग, आणि डावीकडे मावळतीचा पिंवळा उजेड. ज्या स्थळावरून मी पन्नास वर्षें जात-येत आहे, तें ओळखावयास क्षणहि लागला नाहीं. तें आमचें सिद्धेश्वराचें तळें होतें.

चित्रावर सही नव्हती, सालहि नव्हतें. कागद उजेडासमोर धरला तेव्हां त्याच्या अंगांत ‘व्हॉटमन’ या इंग्रजी कागदवाल्याच्या नांवाची अर्धी मुद्रा दिसली; तिच्याखालीं एक व आठ हे दोन आंकडे, आणि पुढें कात्री चाललेली. हा कारखाना आपल्या कागदांत पुष्कळदां सालहि उमटवीत असे. म्हणजे कागद एकोणिसाव्या शतकांतला, एवढें निश्चित झालें. जी कात्री तसबीरवाल्यानें कड सारखी करण्याकरितां चालविली, तिनें माझे पुढचे दोन आंकडे नेले!

आतां इतिहासाचा धंदा करणाराला असे आंकडे भरून काढण्याचा मोह अनावर होतो. मींहि तो आवरला नाहीं. चित्रांत तटाच्या मागें आकाश स्वच्छ आहे. एकहि धुराडें नाहीं. सोलापुरांतली पहिली कापडगिरणी, जिला आम्ही जुनी गिरण म्हणतों, ती १८७७ सालीं सुरू झाली; पुढें नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णु या गिरण्या उभ्या राहिल्या आणि किल्ल्याच्या पश्चिमेकडील आकाशाला धुराड्यांची नक्षी आली. तेव्हां हें चित्र १८७७ पूर्वींचें, असें मीं मनाशीं ठरविलें. मग कल्पना धांवूं लागली. ईस्ट इंडिया कंपनीची अॅडिस्कम येथील सैनिकी शाळा १८०९ पासून १८६१ पर्यंत चालली; तेथें तोफखान्याच्या व इंजिनियरांच्या उमेदवारांना चित्रकला शिकवीत, कारण शत्रूचा किल्ला हुबेहूब काढतां येणें हें त्या काळीं अधिकाऱ्याचें कामच होतें. असाच कोणी अधिकारी आमच्या छावणींत असेल, एखाद्या संध्याकाळीं तळ्यावर आला असेल... एवढ्या ‘असेल’वर मीं एका स्नेह्याला पत्र लिहून कळविलें कीं सोलापूरचें अत्यंत जुनें चित्र मला सांपडलें आहे, आणि एका व्याख्यानाचें निमंत्रणहि स्वीकारून टाकलें. व्याख्यान जानेवारींत व्हावयाचें होतें.

चित्रांतला किल्ला खरा आहे, याविषयीं मात्र शंका नव्हती. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा सोलापूरविषयक खंड १८८४ सालीं निघाला. त्यांत या किल्ल्याला तीन बाजूंनीं पाण्याचा खंदक आणि पूर्वेस सिद्धेश्वराचें तळें असें वर्णन आहे, आणि चित्रकारानेंहि पूर्वेचा तट तळ्याच्या पाण्यालाच भिडविला आहे. हा किल्ला बहामनी काळापासूनचा. निजामशाही व आदिलशाही या दोन घराण्यांत त्याच्यासाठीं किती वेळां रक्त सांडलें! चांदबिबीचें लग्न अली आदिलशहाशीं झालें तेव्हां हुसेन निजामशहानें हाच किल्ला लेकीला आंदण दिला, आणि पुढें त्या आंदणावरून पुन्हां भांडणें झालीं. शेवटीं १८१८ च्या मे महिन्यांत जनरल मन्रो पेशव्यांच्या उरल्यासुरल्या फौजेवर चालून आला. तटाला खिंडार पडतांच किल्ला त्याच्या हवालीं झाला. एवढा सारा इतिहास त्या बुरुजांमागें उभा आहे आणि चित्रांत ते बुरुज केवळ एका जांभळट छायेनें दाखविलेले आहेत. चित्रकाराला इतिहासाशीं कांहीं कर्तव्य नव्हतें. त्याला संध्याकाळ हवी होती.

माझ्या तर्काला पहिला धक्का माझ्या आईनें दिला. तिचें वय नव्वदीच्या घरांत. दृष्टि अधू, परंतु ओळख पक्की. चित्रांत देवळाच्या पलीकडे, किल्ल्याच्या बाजूस, पांच उंच बारीक रेघा आहेत, टोंकाशीं किंचित् रंगाचे ठिपके. मीं त्यांना होड्यांच्या डोलकाठ्या समजून, इंग्रज चित्रकारानें आपल्या देशांतील नदी आमच्या तळ्यांत आणून सोडली, असें टिपणहि करून ठेवलें होतें. आईनें भिंग लावून पाहिलें आणि म्हणाली, “अरे, होड्या कुठल्या आल्या? ह्या सिद्धेश्वराच्या काठ्या! गड्ड्याचे दिवस आहेत हे.” मग थोडा वेळ थांबून, “पण पांचच कशा? दोन कुठें गेल्या?”

वाचकांपैकीं जे सोलापूरचे नाहींत त्यांच्यासाठीं सांगितलें पाहिजे. बाराव्या शतकांतील शिवयोगी सिद्धराम हे आमचे ग्रामदैवत. तळें त्यांनीं खणविलें, शहराभोंवतीं अडुसष्ट लिंगें स्थापिलीं, अशी श्रद्धा आहे. त्यांच्या कन्नड वचनांचा शरणसाहित्यांत मोठा मान आहे. एका कुंभारकन्येनें त्यांना वरण्याचा हट्ट धरला आणि त्यांनीं आपल्या योगदंडाशीं तिचें लग्न लावून दिलें, ही कथा येथें घरोघर माहीत आहे. संक्रांतीच्या यात्रेंत तोच विवाह सात नंदिध्वजांच्या रूपानें साजरा होतो: भोगीला अडुसष्ट लिंगांची प्रदक्षिणा, संक्रांतीला संमति कट्ट्यावर अक्षता, दुसऱ्या दिवशीं होम मैदानावर होम. हे नंदिध्वज म्हणजेच आईच्या बोलींतील काठ्या. किल्ला व देऊळ यांच्या मधली ती जागा, मावळती, आणि उभ्या काठ्या. आईच्या मतें ही होमाच्याच दिवशींची संध्याकाळ. तेवढ्यापर्यंत मी जाणार नाहीं, परंतु यात्रेचा काळ हें मला नाकारतां येईना.

तें पडताळून पाहण्यास एक साधन होतें. सूर्य. जानेवारीच्या मध्यास तो आमच्या अक्षांशावर ठीक पश्चिमेच्या दक्षिणेस सुमारें बावीस-तेवीस अंशांवर मावळतो, जूनमध्यें जवळजवळ तितकाच उत्तरेस. एकोणिसाव्या शतकांत व आज संक्रांतीच्या तारखेंत दोन दिवसांचें अंतर पडलें आहे. १८६३ सालीं ती १२ जानेवारीस होती. तेवढ्यानें सूर्याच्या जागेंत डोळ्यांना दिसेल असा फरक पडत नाहीं. व्याख्यानाच्या आठवडाभर आधीं मी चित्राची छायाप्रत घेऊन तळ्याच्या पूर्व कांठीं गेलों. चित्रकार कोठें बसला असावा तें शोधण्यास तीन संध्याकाळी लागल्या. तिसऱ्या संध्याकाळीं देऊळ व बुरुज कागदावरच्याप्रमाणें एकमेकांशीं जुळले, आणि सूर्य किल्ल्यापासून बराच डावीकडे, चित्रांत जेथें पिंवळा रंग दाट आहे तेथेंच उतरला. आईचें म्हणणें खरें ठरलें.

परंतु त्याच जागीं उभा असतांना माझ्या १८७७ चा निकाल लागला. माझ्यासमोरहि तटामागें धुराडें नव्हतें! गिरण्या एकेक करून बंद पडल्या. आज कोणी येथें बसून चित्र काढलें, तर त्यांतहि आकाश स्वच्छच दिसेल. आणि धुराडीं जेव्हां खरोखर उभीं होतीं तेव्हांहि, देऊळ आणि संध्याकाळ रंगविणाऱ्या माणसानें तीं वगळलीं नसतील कशावरून? अमुक एक गोष्ट कागदांत नाहीं म्हणून ती जगांतहि नव्हती, हें अनुमान केल्याबद्दल मीं विद्यार्थ्यांचे गुण कापलेले आहेत. तीस वर्षें.

चित्रकार इंग्रजच असेल हेंहि मीं गृहीत धरलें होतें. मुंबईची जे. जे. कलाशाळा १८५७ सालीं निघाली. तिच्यांतून शिकून आलेले आपले तरुण शतकाच्या अखेरीस असलींच चित्रें काढीत. त्याहि पूर्वीं पुण्याच्या गंगाराम चिंतामण तांबटानें रेसिडेंट मॅलेटसाठीं वेरूळचीं लेणीं काढलीं. तीं चित्रें आज अमेरिकेंत येल येथें आहेत. आबालाल रहिमानांनीं जे. जे.मध्यें नांव काढून कोल्हापुरास परत येऊन रंकाळा व कोटितीर्थ यांचें पाणी आयुष्यभर रंगविलें. १९३१ सालीं ते वारले, आणि त्यांच्या अपार कामांतलें फार थोडें मागें राहिलें. बाकीचें कोणाच्या तसबिरीमागें गेलें असेल, कोण जाणे! आणखी एक गोष्ट मला पटली ती अशी कीं होडीची डोलकाठी चित्रकारानें काढलीच नव्हती, ती मीं पाहिली होती. त्यानें काठ्या काठ्यांसारख्याच काढल्या. परका होता तो मी.

व्याख्यान झालें. सभेंत मीं आधीं केलेलें विधान मागें घेतलें. कागद एकोणिसाव्या शतकाचा, दृश्य जानेवारीचें, चित्रकार अज्ञात, एवढेंच सांगितलें. मागच्या रांगेंतील एका गृहस्थांची निराशा स्पष्ट दिसली. त्यांनीं विचारलें, “मग किंमत काय धरायची?” मीं सांगितलें, आठशें रुपये, चौकटीसकट.

चित्र आतां तसबीरवाल्याकडे दिलें आहे. त्यानें कागद टेबलावर ठेवून पट्टी लावली आणि उजवी कड अर्धा इंच घेतली तर तयार चौकटींत नीट बसेल, असें सुचविलें. त्या बाजूस पांचवी काठी आहे. उरलेल्या दोन बहुधा तेथूनच पूर्वीं गेल्या. मीं मोठी चौकट करावयास सांगून आगाऊ पैसे देऊन आलों.