लहान नमुना आणि अचूक चाचणी : 'स्टॅटएक्झॅक्ट' या संगणक प्रणालीच्या विकासाचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
सामाजिक शास्त्रांतील संशोधनात काय-वर्ग चाचणीचा वापर सर्रास केला जातो. पिंपळगाव राजासारख्या ग्रामीण भागातील प्राध्यापकांचा नमुना बहुधा तीस-चाळीस उत्तरदात्यांचा असतो. असा नमुना तक्त्यात विभागल्यास अनेक रकान्यांतील अपेक्षित वारंवारता पाचपेक्षा कमी भरते व चाचणीचा निष्कर्ष विश्वसनीय राहत नाही. या अडचणीवर संगणकाने कशी मात केली, याचा आढावा घेणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

पार्श्वभूमी :
काय-वर्ग चाचणी ही अंदाजावर आधारलेली असून मोठ्या नमुन्यातच तो अंदाज खरा ठरतो. लहान नमुन्यासाठी रोनाल्ड फिशर यांनी अचूक चाचणी सुचविली. त्यांच्या 1935 च्या ग्रंथातील उदाहरण प्रसिद्ध आहे. चहाच्या आठ कपांपैकी ज्या चारांत दूध आधी घातले ते ओळखावयाचे असल्यास चार कप निवडण्याचे 70 प्रकार संभवतात. म्हणून केवळ योगायोगाने सर्व कप ओळखले जाण्याची संभाव्यता 1/70 इतकीच असते. तक्त्यातील ओळी व रकाने वाढले की संभाव्य तक्त्यांची संख्या प्रचंड वाढते. त्यामुळे मोठ्या तक्त्यांसाठी ही चाचणी दीर्घकाळ व्यवहारात आली नाही.

विकासाचे टप्पे :
आय.आय.टी. मुंबईचे माजी विद्यार्थी सायरस मेहता आणि अहमदाबादच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेत अध्यापन केलेले नितीन पटेल यांनी 1983 मध्ये यावर नवी गणनपद्धती मांडली. संभाव्य तक्ते एकेक करून मोजण्याऐवजी त्यांनी ते जाळ्यातील मार्गांच्या रूपात कल्पिले. एखाद्या टप्प्यापासून पुढील सर्वांत लांब व सर्वांत आखूड मार्ग ठाऊक असला, तर मार्गांचा संपूर्ण समूह एकदम स्वीकारता वा वगळता येतो. 1986 मध्ये तिची संगणकीय आज्ञावली प्रसिद्ध झाली. 1987 मध्ये उभयतांनी अमेरिकेतील केंब्रिज येथे 'सायटेल' ही कंपनी स्थापन केली आणि 1989 मध्ये 'स्टॅटएक्झॅक्ट' ही प्रणाली बाजारात आणली. कालांतराने कंपनीचे कार्य पुण्यातही विस्तारले.

हे तंत्र एका प्रणालीपुरते मर्यादित राहिले नाही. 1968 मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात जन्मलेल्या व 2009 पासून आय.बी.एम.कडे असलेल्या 'एसपीएसएस' मध्ये अचूक चाचण्यांचा विभाग समाविष्ट झाला. त्याची पुस्तिका मेहता व पटेल यांचीच आहे. विनामूल्य उपलब्ध असलेल्या 'आर' मधील फिशर चाचणीही मोठ्या तक्त्यांसाठी हीच पद्धती वापरते.

निष्कर्ष :
साधन उपलब्ध झाले म्हणून सवय बदलतेच असे नाही. अपेक्षित वारंवारता पाचपेक्षा कमी असलेल्या रकान्यांची सूचना 'एसपीएसएस' तक्त्याखाली छापते. परंतु ती क्वचितच वाचली जाते. प्रस्तुत लेखकानेही एम.फिल.च्या लघुप्रबंधात तिच्याकडे दुर्लक्ष करून परिकल्पना 'सिद्ध' केली होती. अशा निष्कर्षांच्या आधारे शेतकरी वा विद्यार्थिनींविषयी विधाने केली जातात व पुढील संशोधक तीच उद्धृत करतात. महागडी प्रणाली विकत घेण्याची ऐपत लहान महाविद्यालयांत नसली, तरी 'आर' विनामूल्य असल्यामुळे खर्चाची सबब आता टिकत नाही. लहान नमुना हा दोष नव्हे. लहान नमुन्यास मोठ्या नमुन्याची चाचणी लावणे हा खरा दोष होय. मार्गदर्शकांनी प्रबंध तपासताना तक्त्याखालील ती एक ओळ अवश्य पाहावी, असे सुचवावेसे वाटते.