बिटचा टिकाऊपणा : कारणे आणि निवड

स्क्रू ड्रायव्हरचा बिट टिकाऊ कशामुळे होतो, हे ठरवण्याआधी तो निकामी कसा होतो ते पाहावे. प्रकार तीन : टोकाच्या कडा झिजतात, टोक पिळवटते किंवा बिट तडकन मोडतो. पहिल्या दोहोंवर उपाय कठीणपणाचा, तिसऱ्यावर चिवटपणाचा. आणि एक वाढवला की दुसरा घटतो. म्हणून सर्वांत कठीण तो सर्वांत चांगला, हा समज चूक आहे.

पोलाद. एस-२ हे धक्के सोसण्यासाठी घडवलेले हत्यारी पोलाद. त्यात सुमारे अर्धा टक्का कार्बन, जोडीला सिलिकॉन आणि मॉलिब्डेनम असते. त्याच्या चांगल्या बिटचा कठीणपणा रॉकवेल सी मापावर साधारण ५८ ते ६२ असतो. मात्र पाणी देण्यात चूक झाली, तर हेच पोलाद मऊ राहते किंवा ठिसूळ होते. नुसता छाप पाहून भागत नाही.

मान. पिळाचा ताण पृष्ठभागावर सर्वाधिक असतो आणि व्यास निम्मा केला तर आठपट होतो. तरीही ठोके देत फिरवणाऱ्या इम्पॅक्ट ड्रायव्हरच्या बिटची मान मुद्दाम बारीक ठेवतात. ती क्षणभर पिळून पुन्हा मूळ जागी येते, त्यामुळे ठोक्याचा जोर एकदम टोकावर येत नाही. हाताने फिरवायच्या बिटला याची गरज नाही.

खाच. फिलिप्सच्या खाचेच्या बाजू उतरत्या असल्याने जोर वाढला की बिट वर फेकला जातो. पोझिड्राइव्हच्या बाजू जवळजवळ समांतर असतात; तिच्या स्क्रूवर मुख्य फुलीच्या मध्ये चार बारीक रेषा दिसतात. या खाचेत फिलिप्सचा पीएच-२ बिट घातला तर तो कडांवरच टेकतो, आणि उत्तम पोलादही तिथे लवकर झिजते. सहा पाकळ्यांच्या टॉर्क्समध्ये बाजू उभ्या असल्याने बिट निसटण्याचा धोका सर्वांत कमी.

मुलामा. टायटॅनियम नायट्राइडचा सोनेरी थर काही मायक्रॉनचाच असतो. तो झीज कमी करतो, पण खालच्या मऊ पोलादाला बळ देत नाही.

म्हणून निवडीचा क्रम असा : आधी खाच, मग पोलाद, मग मान, शेवटी मुलामा. दुकानात जाताना आपला स्क्रू सोबत न्यावा, त्यात बिट दाबून हलवून पाहावा. डुगडुगला तर घेऊ नये. आणि कडा गोल झालेला बिट लगेच बाजूला काढावा, कारण यापुढे तो प्रत्येक स्क्रूचे डोके खराब करील.