चांगी तुरुंगातील तीन गोधड्या

युद्धाच्या इतिहासाची साधने म्हणून दप्तरे, खलिते, दैनंदिन्या आणि सेनापतींची आत्मचरित्रे यांचा विचार प्रथम होतो, आणि ते स्वाभाविकही आहे. सुईदोऱ्याने केलेले काम ह्या साधनांच्या पंक्तीस सहसा बसविले जात नाही. त्याची जागा कलावस्तूंच्या किंवा घरगुती हौसेच्या सदरात. सिंगापूरच्या चांगी तुरुंगात 1942 साली स्थानबद्ध स्त्रियांनी शिवलेल्या तीन गोधड्या ह्या वर्गवारीस अपवाद ठरतात. आप्तांसाठी हाताने केलेली भेट आणि ऐतिहासिक पुरावा ह्या दोन गोष्टी त्यांच्या ठायी वेगळ्या करता येत नाहीत.

15 फेब्रुवारी 1942 रोजी सिंगापूरने जपानी सैन्यापुढे शरणागती पत्करली. युरोपीय नागरिकांना स्थानबद्ध करण्यात आले, आणि 8 मार्च रोजी स्त्रिया व मुले यांना कातोंगहून चांगीपर्यंत पायी नेण्यात आले. 1936 साली सुमारे 600 कैद्यांसाठी बांधलेल्या ह्या तुरुंगात आता हजारो माणसे कोंबली गेली. स्त्रियांचा विभाग पुरुषांपासून तोडलेला होता. ज्यांचे पती सैन्यात होते त्यांची ताटातूट अधिकच दूरची. कारण युद्धकैद्यांचे तळ तुरुंगाबाहेर चांगीच्याच लष्करी बराकींत होते. मैल दोन मैलांचे अंतर, पण पत्रव्यवहारास परवानगी नाही.

येथे एक गोष्ट ध्यानात घेणे अगत्याचे आहे. शरणागतीपूर्वीच्या अखेरच्या आठवड्यात स्त्रिया व मुले घेऊन अनेक जहाजे बंदर सोडून गेली होती आणि त्यांतील पुष्कळ बाँबवर्षावात बुडाली. ‘व्हायनर ब्रुक’ हे जहाज 14 फेब्रुवारीस बांका बेटाजवळ बुडाले, ते ह्यांपैकीच एक. तेव्हा बराकीतील सैनिकापुढे प्रश्न केवळ पत्नी सुखरूप आहे काय, एवढाच नव्हता. ती निसटली, बुडाली की सिंगापुरातच राहिली, हेच मुळी त्याला ठाऊक नव्हते. गोधड्यांचा अर्थ लावावयाचा तो ह्या अज्ञानाच्या पार्श्वभूमीवर.

ही कल्पना एथेल मुल्व्हेनी ह्या कॅनेडियन बाईंची. स्त्रियांच्या छावणीत रेडक्रॉसचे काम त्यांच्याकडे होते. त्यांचे पती लष्करी डॉक्टर असून स्वतः युद्धकैदी होते. इच्छुक स्त्रीस सुमारे सहा इंचांचा पांढऱ्या कापडाचा चौकोन द्यावयाचा, तिने त्यावर आपले नाव आणि स्वतःविषयी काहीतरी भरावयाचे, आणि असे 66 चौकोन जोडून एक गोधडी सिद्ध करावयाची, अशी योजना होती. छावणीतील मुलींच्या ‘गर्ल गाइड’ पथकाने आपल्या प्रमुख एलिझाबेथ एनिस यांच्या वाढदिवसासाठी चिंध्यांचे षट्कोन जोडून गुपचूप शिवावयास घेतलेल्या गोधडीवरून ही कल्पना सुचली, असे सांगितले जाते. मुलींची ती गोधडी आज लंडनच्या इंपीरियल वॉर म्युझियममध्ये आहे. एनिस यांचे पती इंडियन मेडिकल सर्व्हिसमधील डॉक्टर होते, तेही युद्धकैदीच.

पत्नीने पतीस गोधडी पाठवावी, ह्यास परवानगी मिळणे शक्य नव्हते. म्हणून गोधड्या जखमी सैनिकांच्या रुग्णालयासाठी आहेत, असे अधिकाऱ्यांस सांगण्यात आले. एक ब्रिटिश जखमींसाठी, एक ऑस्ट्रेलियन जखमींसाठी आणि तिसरी जपानी जखमींसाठी. ह्या तिसरीमुळेच पहिल्या दोहोंची वाट मोकळी झाली. तथापि तिला केवळ लाच म्हणणे अन्यायाचे होईल. तिच्यावरही तितक्याच सुबक टाक्यांनी काम केलेले आहे आणि मागील बाजूस जखमींविषयी सहानुभूतीचा मजकूर आहे. त्या मजकुरात वर्ष मात्र जपानी कालगणनेनुसार 2602 असे भरले आहे. परकीय सत्तेखाली अर्ज लिहिणाऱ्याची सावध लेखणी जशी असते, तशीच ही सुई.

तिन्ही गोधड्या शेजारी ठेवून पाहिल्या असता फरक स्पष्ट होतो. जपानी गोधडीवर फुले व निसर्गदृश्ये यांचे प्राधान्य. विणणारीचे खाजगी आयुष्य तेथे दूर ठेवलेले आहे. इतर दोहोंवर मात्र मायदेशाचे नकाशे, तुरुंगाची कोठडी, विजयाचे ‘व्ही’ हे अक्षर, थट्टेची चित्रे अशी विविधता आढळते. ऑस्ट्रेलियन वडिलांची मलायात जन्मलेली कन्या शीला ॲलन तेव्हा 17 वर्षांची होती. तिच्या चौकोनावर ऑस्ट्रेलियाचा नकाशा आणि कांगारू आहे. तिने छावणीत लिहिलेली दैनंदिनी पुढे 1994 साली प्रसिद्ध झाली, त्यामुळे तिच्यापुरता तरी चौकोन आणि लेखी साधन यांचा मेळ घालता येतो. अशी सोय फार थोड्या चौकोनांच्या बाबतीत आहे.

प्रत्येक चित्रात गुप्त संदेश शोधण्याचा मोह येथूनच उत्पन्न होतो. काही चित्रांचा अर्थ एखाद्या पतीलाच कळावा असा असेल, हे संभवनीय आहे. परंतु तो अर्थ दोघांपुरता होता आणि बहुतेक ठिकाणी त्यांच्याबरोबरच गेला. ओळखीची खूण नसताना फुलाला किंवा होडीला संकेत ठरविणे म्हणजे अनुमानाला पुराव्याचा दर्जा देणे होय. निश्चित अशी गोष्ट एकच, आणि ती डोळ्यांसमोर उघड आहे: नाव. रुग्णालयातील ज्या माणसाने त्या 66 चौकोनांत आपल्या पत्नीचे किंवा मित्रपत्नीचे नाव वाचले, त्याला ती जिवंत आहे, येथेच आहे आणि सुई धरण्याइतकी धडधाकट आहे, इतके कळले. त्या दृष्टीने ही गोधडी म्हणजे हजेरीपट होता. चित्रे हा त्याचा अलंकार.

मराठी घरातील गोधडीत जुन्या लुगड्याचे पदर ओळखू येतात आणि कोणता तुकडा कोणाचा हे घरच्यांना सांगावे लागत नाही. तेथे शिवणारीचे नाव घालण्याची गरजच पडत नाही. चांगीत ओळखीचे वस्त्र नव्हते, घर नव्हते. म्हणून नाव टाक्यांनी लिहावे लागले.

त्यानंतर असे उपक्रम कठीण झाले. 10 ऑक्टोबर 1943 रोजी जपानी लष्करी पोलिसांनी तुरुंगावर धाड घातली. अनेक स्थानबद्धांचा छळ झाला आणि काही दगावले. मे 1944 मध्ये सर्वांना साइम रोड येथील छावणीत हलविण्यात आले. उपासमारीच्या काळात कैद्यांनी आठवणीतून सांगितलेल्या पाककृती मुल्व्हेनीबाईंनी उतरवून घेतल्या व 1946 साली पुस्तकरूपाने छापल्या. गोधड्यांमागील वृत्ती समजण्यास हे पुस्तक उपयोगी पडते.

ऑस्ट्रेलियन व जपानी गोधड्या युद्धानंतर लेफ्टनंट कर्नल वेब्स्टर ह्या ऑस्ट्रेलियन लष्करी डॉक्टरांकडे राहिल्या आणि आज दोन्ही कॅनबेऱ्याच्या युद्धस्मारक संग्रहालयात आहेत. ब्रिटिश गोधडी लंडनला ब्रिटिश रेडक्रॉसकडे गेली. तिसरी गोधडीही युद्धकैद्यांच्याच डॉक्टराकडे राहिली, ह्यावरून ज्यांच्या नावे ती शिवली त्यांच्या अंथरुणावर ती फार काळ पडली नसावी असे दिसते.