केशवपन आणि जट

केशवपन म्हणजे पतिनिधनानंतर स्त्रीच्या मस्तकावरील सर्व केस काढून टाकण्याची व पुढे ठराविक दिवसांनी ते पुन्हा पुन्हा काढीत राहण्याची रूढी होय. एकमेकांत गुंतून घट्ट झालेल्या, न विंचरता व न कापता तशाच वाढू दिलेल्या केसांना जट म्हणतात. वरवर पाहता या दोन गोष्टी परस्परविरुद्ध आहेत. एकीत केस ठेवण्यास मनाई होती, तर दुसरीत ते कापण्यास मनाई असते. तथापि दोहोंतही निर्णय स्त्रीचा नसे. वय वाढल्यावर स्त्रीने केस लांब ठेवावेत की नाही, हा प्रश्न महाराष्ट्रात दीर्घकाळ तिच्या प्रकृतीवर वा आवडीवर अवलंबून नव्हता. तो तिचे वैधव्य आणि दैवताची समजली जाणारी इच्छा यांवरून ठरविला जाई.

सधवा स्त्रीचे लांब केस हे महाराष्ट्रात सौभाग्याचे व आरोग्याचे चिन्ह मानले गेले. वेणी, खोपा, अंबाडा, बुचडा ही केशरचनेची नावे त्याची साक्ष देतात. वयोमानाप्रमाणे केस विरळ व बारीक होतात. तेव्हा गळलेल्या केसांची गुंतवळ जपून तिचे गंगावन करीत आणि ते जोडून अंबाडा भरदार दाखवीत. प्रायश्चित्ताच्या प्रसंगीही सधवेचे सर्व केस काढीत नसत. ते एकत्र धरून दोन अंगुळे कापावेत, असे पराशरस्मृतीत सांगितले आहे. प्रयाग येथील वेणीदानाच्या विधीतही वेणीचे केवळ टोक कापतात. विधवेच्या बाबतीत मात्र ही मर्यादा पाळली गेली नाही.

नांदेड जिल्ह्यातील माहूर हे साडेतीन शक्तिपीठांपैकी एक पूर्ण पीठ असून तेथील रेणुकेची कथा याच संदर्भात लक्षणीय ठरते. क्षेत्रकथेनुसार जमदग्नीच्या वधानंतर परशुरामाने पित्याचा अंत्यविधी माहूर येथे केला व रेणुका सती गेली. पुढे तिचे मुख भूमीतून वर आले. देवीची पूजा या मुखरूप तांदळ्याच्या स्वरूपात होते. कपाळी मळवट भरलेल्या या देवीला सौभाग्यालंकार वाहतात. दैवताच्या ठिकाणी ज्या सौभाग्याची अखंड पूजा होते, तेच सौभाग्य लौकिक विधवेच्या अंगावरून एकेक चिन्ह उतरवून काढून घेतले जाई; केस हे त्यांपैकी एक होते.

केशवपनाचा शास्त्राधार दुर्बल होता. पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राचा इतिहास या ग्रंथाच्या दुसऱ्या खंडात (१९४१) या रूढीची चिकित्सा केली आहे. मनू व याज्ञवल्क्य यांच्या स्मृतींत विधवेच्या आचाराचे विवेचन असूनही वपनाची आज्ञा नाही. विधवेने बांधलेली वेणी परलोकी पतीला बंधनकारक होते, ही कल्पना स्कंदपुराणाच्या काशीखंडात आढळते व तिचा आधार पुढे वारंवार घेतला गेला. रूढी मुख्यतः ब्राह्मणांत व काही अन्य उच्चवर्णीय जातींत होती. इतर अनेक जातींत विधवेचे केस राखले जात व पाट लावून तिचा पुनर्विवाहही होई.

ही रूढी टिकण्याचे कारण धर्मग्रंथांपेक्षा घरातील व्यवहारात अधिक सापडते. केस राखलेल्या, म्हणजे सकेशा विधवेच्या हातचे पाणी व अन्न देवकार्यास आणि श्राद्धास निषिद्ध मानीत. स्वतःचे उत्पन्न नसलेल्या स्त्रीला घरातील स्थान सोवळ्याच्या स्वयंपाकामुळेच मिळत असल्याने वपन नाकारणे म्हणजे आश्रय गमावणे होते. अल्पवयात वैधव्य आलेल्या मुलीचे केस काही घरांत काही काळ राखले जात. परंतु वय वाढेल तसे तिच्यावरील दडपणही वाढे. वपनानंतर अलवण नेसून मस्तकावर सतत पदर घ्यावा लागे.

एकोणिसाव्या शतकात या रूढीविरुद्ध मत संघटित झाले. १८५६ च्या कायद्याने विधवाविवाहास मान्यता दिली. परंतु त्यात वपनाविषयी तरतूद नव्हती. ताराबाई शिंदे यांनी स्त्रीपुरुषतुलना (१८८२) या पुस्तकात विधवांच्या हालांवर कठोर टीका केली, तर गोपाळ गणेश आगरकर यांनी सुधारक पत्रातून वपनाचा निषेध केला. हरि नारायण आपटे यांच्या पण लक्ष्यांत कोण घेतो? या कादंबरीत नायिका यमूचे बळजबरीने झालेले केशवपन हा कथेचा अत्यंत दारुण प्रसंग आहे. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रेरणेने १८९० मध्ये मुंबईतील नाभिकांनी सभा भरवून विधवांचे वपन न करण्याचा निर्धार केला. ज्यांना या कामाचा मोबदला मिळत होता त्यांनीच ते नाकारले, हे त्या निर्धाराचे वैशिष्ट्य होय.

पंडिता रमाबाई यांचे शारदा सदन (१८८९) आणि धोंडो केशव कर्वे यांचा अनाथ बालिकाश्रम (१८९६) यांनी विधवांना निवारा व शिक्षण दिले. शिकून शिक्षिका किंवा परिचारिका होणारी स्त्री सोवळ्याच्या स्वयंपाकघरावर अवलंबून राहिली नाही. साहजिकच वपनाचा आग्रह दुबळा झाला. ही केंद्रे मुंबई-पुण्याकडील होती. माहूरसह मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता.

जटेचा प्रश्न निराळ्या सामाजिक थरात उद्भवला. रेणुका व यल्लम्मा यांना एकरूप मानणाऱ्या भाविकांत केसांत जट येणे हे देवीचे बोलावणे समजले जाई. दक्षिण महाराष्ट्र व उत्तर कर्नाटक या भागांत अशा मुलींना देवीस वाहून जोगतीण करण्याची चाल होती. वस्तुतः केस न विंचरल्याने, त्यांत मळ, तेल व चिकट पदार्थ साचल्याने जट तयार होते. तिच्या भाराने मान दुखते, उवा होतात व त्वचेला जखमा होतात; वृद्ध स्त्रीला हा भार विशेष जाचक होतो. तरीही कोपाच्या भीतीने ती कापली जात नाही. अंधश्रद्धा निर्मूलन चळवळीच्या कार्यकर्त्यांनी अनेक स्त्रियांचे मन वळवून, त्यांच्या संमतीने जटा उतरविल्या आहेत. महाराष्ट्रात देवदासी प्रथेच्या निर्मूलनाचा कायदा २००५ चा आहे.

केस काढणे हे स्वतः अपमानकारक नाही. जैन साध्वी केशलोच करतात व बौद्ध भिक्षुणी मुंडन करतात. ते दीक्षेबरोबर स्वीकारलेले व्रत असते. विधवेच्या वपनात हा स्वीकारच नव्हता.

केशवपनाची रूढी विसाव्या शतकात मागे पडली. वैधव्याची इतर चिन्हे मात्र टिकून राहिली. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र काढणे यांसारख्या प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि राज्य शासनाने त्याच महिन्यात इतर ग्रामपंचायतींना त्याचे अनुकरण करण्यास सुचविले. साठी उलटलेली स्त्री आज सोयीसाठी केस आखूड करते किंवा आवडीने लांब वेणी घालते. हा निर्णय इतका साधा वाटतो, याचे श्रेय शिक्षणाला व स्वकमाईला आहे. जेथे स्त्री अद्याप इतरांच्या आश्रयावर आणि त्यांच्या भीतीवर जगते, तेथे तो आजही साधा नाही.