एकोणचाळीस मिनिटं

‘मुहूर्त पाच नऊचा, पण कुठल्या टाइमाचा?’ गिरगावच्या माझ्या आजोळी हा प्रश्न एके काळी अगदी गंभीरपणे विचारला जायचा. आजोबांच्या ट्रंकेत घरातल्याच एका लग्नाची पत्रिका होती. मुहूर्तापुढे बारीक अक्षरात ‘स्टँ. टा.’ छापलेलं. ते न वाचता मुंबई टाइमावर विसंबलेले दूरचे काका अक्षता पडून गेल्यावर पोचले आणि थेट पंगतीला बसले, हा किस्सा आजोबा दर लग्नसराईत सांगत. काका मुद्दाम उशिरा आले, अशी आजीला शेवटपर्यंत शंका होती.

इंग्रजांनी या देशाला दिलं काय आणि नेलं काय, या वादात आमच्या घरातल्या म्हाताऱ्यांना फारसा रस नव्हता. साहेबाचं राज्य त्यांच्या लक्षात राहिलं ते वेळेवरून.

आजोबा महापालिकेत कारकून. महापालिकेची घड्याळं मुंबईच्या सूर्याप्रमाणे चालायची. चर्नी रोडची गाडी मात्र स्टँडर्ड टाइमावर, म्हणजे ३९ मिनिटं पुढे. ही कटकट सरकारनेच केलेली. १८८१ मध्ये गव्हर्नर जेम्स फर्ग्युसन यांनी मुंबईवर मद्रास टाइम लादून पाहिला होता. लोक इतके वैतागले, की दोन वर्षांत हुकूम मागे घ्यावा लागला. मग १ जानेवारी १९०६ पासून अख्ख्या हिंदुस्थानला एकच स्टँडर्ड टाइम आला. तेव्हा बंगालची फाळणी ताजी होती आणि साहेबाच्या प्रत्येक हुकमाचा वास घेतला जात होता. महापालिकेतले पुढारी फिरोजशहा मेहता यांनी जोर लावला आणि महापालिकेने मुंबई टाइमच कायम ठेवला. तो टिकला थेट स्वातंत्र्यानंतरही. साहेब निघून गेला, तरी महापालिका त्याच्या घड्याळावर रुसलेलीच! दुसऱ्या महायुद्धात सरकारने स्टँडर्ड टाइम आणखी तासभर पुढे ढकलला, तेव्हा आजोबांनी म्हणे आठवडाभर घड्याळाला किल्लीच दिली नाही.

वडिलांकडचे आम्ही लालबागचे. तिथे भिंतीवर घड्याळ नव्हतं, गिरणीचा भोंगा होता. आजीच्या सासऱ्यांनी कोकणातून येऊन साच्यावर काम धरलं, ते विसाव्या शतकाच्या सुरुवातीला. त्यांच्याकडून ऐकलेलं आजी आम्हाला सांगायची. पहिल्या भोंग्याला उठायचं, दुसऱ्याला चाळीच्या नळावरून निघायचं, तिसऱ्याला फाटक बंद. मागे राहिला त्याची जागा फाटकाशी उभ्या असलेल्या बदलीवाल्याला. काही गिरण्यांत डबल खाडा असायचा: एक दिवस गैरहजर, तर दोन दिवसांचा पगार कापायचा.

त्यातच १९०५ च्या सुमारास गिरण्यांत विजेचे दिवे आले. आधी अंधार पडला की साचे थांबत. आता चौदा-पंधरा तास काम चालायला लागलं. वर लगेच नवा टाइम. मेहतांसाठी ती ३९ मिनिटं शहराच्या मानाची होती, साच्यावरच्या माणसासाठी झोपेची. जानेवारी १९०६ मध्ये हजारो कामगार गिरण्यांच्या दारात जमले, कामावर जायला नकार दिला, दगड भिरकावले. शाळेच्या पुस्तकात मला हे कधी भेटलं नाही. पुस्तकात भेटला तो १९०८ चा संप. टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली, तर वर्षाला एक याप्रमाणे सहा दिवस गिरण्या बंद. एका दिवसाच्या खाड्याला घाबरणाऱ्या माणसांनी सहा दिवस घालवले. आजीच्या सासऱ्यांना त्यातलं विचारलं, तर ‘पाऊस फार होता’ एवढंच म्हणत.

रविवारची सुट्टी साहेबाने दिली, असं मीही बरीच वर्षं समजत होते. ती मिळवली नारायण मेघाजी लोखंडे यांनी. ठाण्याचे, जोतीराव फुल्यांचे सहकारी, ‘दीनबंधु’चे संपादक. सप्टेंबर १८८४ मध्ये परळला त्यांनी कामगारांची सभा भरवली. आठवड्यातून एक दिवस सुट्टी, दुपारी अर्धा तास विसावा, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढंच काम, पगार महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत हातात, अशा मागण्या. अर्जावर साडेपाच हजार कामगारांच्या सह्या. मालकांनी रविवार कबूल करेपर्यंत १० जून १८९० उजाडलं. आणि हे मालक काही सगळे गोरे नव्हते. बहुतेक आपलेच, पारशी नि भाटिया. लोखंडे फेब्रुवारी १८९७ मध्ये प्लेगात गेले, रोग्यांची सेवा करता करता.

हे सगळं वाचून मी मोठ्या उत्साहाने आजीला सांगायला गेले. ती खाणावळ चालवायची. गावाकडे बायकामुलं ठेवून आलेले गिरणीतले गडी एका खोलीत पाळीपाळीने जेवायचे. पहिली पाळी उठून हात धुते तोवर दुसरीची ताटं मांडलेली. माझं ऐकता ऐकता ती लसूण सोलत होती. म्हणाली, ‘बाकीचे सहा दिवस निम्मी माणसं तरी कामावर असत. रविवारी सगळी घरात, आणि सगळ्यांना मटण. पाटा-वरवंटा काय आपोआप फिरतो?’

खाणावळवाल्यांच्या कामाचे तास कुठल्या फॅक्टरी ॲक्टात बसले नाहीत, साहेबाच्याही नाही आणि नंतरच्याही. वाण्याकडून उधारी, सावकाराचं व्याज आणि पगाराच्या दिवशी गड्यांकडून येणारे पैसे, यावर त्यांचा महिना चाले. या बायका एकत्र यायला १९७५ उजाडावं लागलं. प्रेमाताई पुरवांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं, खाणावळवाल्यांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं. आजी तोवर थकली होती. तरी शेजारणींबरोबर बँकेत गेली आणि अंगठा लावण्याआधी कारकुनाला विचारलं, हप्ता भरायला रविवारी यायचं चालेल का, म्हणून. तो म्हणाला, ‘आजी, रविवारी सुट्टी असते.’ ‘कुणाला?’ आजीने विचारलं.