पाणी कोणाच्या मापाने?

व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (१९५५) संपते ती दुष्काळाने गाव ओस पडत असताना. आपल्या ग्रामीण साहित्यात अवर्षण बहुधा असे दैवाच्या रूपाने येते. विलासराव साळुंखे यांच्या कार्याकडे वळताना आम्हांस हे प्रथम आठवते, कारण त्यांनी हाच विषय दैवाच्या हातून काढून वाटपाच्या हिशेबात आणला.

साळुंखे अभियंते, पुण्यात अचूक मोजमापाची साधने बनविणारे कारखानदार. १९७२ च्या दुष्काळात त्यांनी पुरंदर तालुक्यातील होरपळ पाहिली. पुढे नायगाव येथे देवस्थानची चाळीस एकर पडीक जमीन दीर्घ मुदतीच्या कराराने घेऊन त्यांनी पाणलोटाचे प्रयोग आरंभिले. ‘ग्राम गौरव प्रतिष्ठान’ उभे राहिले. बांधबंदिस्ती इतरांनीही केली होती. साळुंख्यांचे वेगळेपण आहे ते ‘पाणी पंचायती’च्या नियमांत.

पाण्याचा वाटा जमिनीवर नव्हे, घरातील माणसांवर ठरावयाचा : माणशी अर्ध्या एकरापुरते, कुटुंबास फार तर अडीच एकरांपुरते. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जावयाचा नाही. भूमिहीनालाही वाटा. ऊस वर्ज्य. खर्चाचा पाचवा हिस्सा लाभधारकांनी स्वतः उभा करावयाचा. मोजमापाच्या या माणसाने मापाचे एककच बदलले, असे आम्ही म्हणतो ते या अर्थाने.

या प्रयोगाचा गौरवच करून थांबणे मात्र अन्यायाचे होईल. उसाला भाव आणि कारखान्याचा आधार असताना तो न लावणे हा रोजचा त्याग होता, आणि असा त्याग केवळ नियमाच्या बळावर पिढ्यान्‌पिढ्या टिकत नाही. कालांतराने अनेक योजना क्षीण झाल्या. साळुंखे २००२ साली निवर्तले. २००५ साली महाराष्ट्राने सिंचन व्यवस्थापनात शेतकऱ्यांच्या सहभागाचा कायदा केला. पाणीवापर संस्थांना त्याने अधिष्ठान दिले, परंतु सभासदत्व जमीनधारकांपाशीच ठेवले. भूमिहीन पुन्हा बांधाबाहेर राहिला.

म्हणून साळुंख्यांचे आयुष्य आम्हांस यशोगाथा म्हणून वाचवत नाही. ते एका अनुत्तरित प्रश्नासारखे वाचावे लागते : पाणी शेताचे की माणसाचे? नायगावने एक उत्तर देऊन पाहिले. कायद्याने ते अद्याप स्वीकारलेले नाही. आपल्या साहित्यानेही ते पुरेसे ऐकले आहे, असे आम्हांस वाटत नाही.