वेरूळ-अजिंठ्यास नेण्याचें भिंग

छत्रपती संभाजीनगराहून, म्हणजे जुन्या औरंगाबादेहून, वेरूळ-अजिंठ्यास निघालेल्या हौशी छायाचित्रकारांत एक वाद बहुधा चालू असतो. ज्याचें नाभीय अंतर, आणि म्हणून दृश्याचा आवाका, कायमचा ठरलेला आहे असें ‘प्राइम’ भिंग न्यावें, कीं कडें फिरवितांच दूरचें जवळ आणणारें ‘झूम’ न्यावें? दुकानदार किंमत सांगून हा वाद मिटवितो. आमच्या मतें तो मिटविण्यापूर्वीं या लेण्यांत कॅमेरा घेऊन आलेल्या जुन्या माणसांकडे एकवार पाहिलें पाहिजे.

1844 सालीं ईस्ट इंडिया कंपनीनें मद्रास सैन्यांतील रॉबर्ट गिल या अधिकाऱ्यास अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करण्याच्या कामीं नेमलें. कित्येक वर्षें खपून त्यानें मोठमोठ्या तैलनकला तयार केल्या. आणि लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसमध्यें मांडलेल्या त्या नकलांपैकीं बहुतेक 1866 च्या आगींत भस्म झाल्या. दरम्यान गिल छायाचित्रणाकडे वळला होता. फर्ग्युसनच्या मजकुरासह 1864 सालीं निघालेल्या पुस्तकांत त्याचीं 74 द्विनेत्री चित्रें आहेत. दोन डोळ्यांच्या जागीं दोन सारखीं भिंगें बसवून तीं घेतलेलीं. त्यांत एका भिंगाचा आवाका केसभर जरी बदलता, तरी दोन प्रतिमा एकमेकींवर बसल्या नसत्या. झूम त्या वेळीं अस्तित्वांतच नव्हतें. गिलचा कॅमेरा जेथें उभा, तेथून दिसेल तेवढेंच चित्र.

मग त्यानें भित्तिचित्रांच्या नकलाहि कॅमेऱ्यानेंच कां घेतल्या नाहींत, असें वाचक विचारतील. याचें उत्तर रसायनांत आहे. ओल्या कोलोडियनच्या कांचेस निळा प्रकाश तेवढा उमगे, तांबडा व पिवळा जवळजवळ मुळींच उमगत नसे. आणि अजिंठ्याची रंगपेटी तर गेरू आणि पिवळ्या मातीची! त्यांत गुहेंतला अंधार. म्हणून रंग कुंचल्यावर सोंपवावे लागले, आणि कुंचल्याचें काम जळून गेलें.

अंधाराशीं भिंगकारांचें भांडण मात्र याहून जुनें आहे. 1840 सालीं पेट्झवाल या गणितज्ञानें एफ 3.6 इतक्या मोठ्या मुखाचें भिंग आंखलें. तत्कालीन निसर्गदृश्याच्या भिंगांपेक्षां तें सुमारें सोळा पट प्रकाश घेई. परंतु तें मध्यभागीं रेखीव आणि कडांस धूसर. माणसाच्या चेहऱ्यास ठीक, खांबांच्या ओळीस निरुपयोगी. एक गुण घ्यावा तर दुसरा सोडावा, ही देवघेव तेव्हांपासून चालू आहे. झूमचा जन्म चलच्चित्रांच्या धंद्यांत झाला. साध्या कॅमेऱ्याकरितां पहिलें विक्रीयोग्य झूम फोक्टलेंडर कंपनीनें 1959 सालीं काढलें. 36 पासून 82 मिलिमीटरपर्यंत आवाका, मुख एफ 2.8. त्या पिढींतील बहुतेक झूम भिंगांत सरळ खांब पोट सुटल्यासारखे वांकत. आजचीं झूम भिंगें पुष्कळ सुधारलीं आहेत, हें कबूल केलें पाहिजे.

आतां कैलासांत चला. चौक सुमारें 276 फूट लांब आणि 154 फूट रुंद, त्याच्या मधोमध मंदिर. कडा आणि मंदिर यांमध्यें उरतें तें अंगण. ‘पायांनीं मागेंपुढें व्हा, झूम कशाला?’ हा प्राइमवाद्यांचा उपदेश येथें पाठ भिंतीस टेकतांच संपतो; आणि डोंगराच्या माथ्यावरून खालीं पाहतांना एक पाऊल पुढें टाकणें म्हणजे कैलासवासच! तेथें झूमच खरें. तरी त्या उपदेशांत एक मर्म आहे. कडें फिरविल्यानें चौकट लहानमोठी होते, जवळच्या-दूरच्या वस्तूंचें नातें बदलत नाहीं. तें बदलतें केवळ उभें राहण्याची जागा बदलल्यानें. ध्वजस्तंभाजवळून पाहिलें तर तो शिखराहून उंच भासतो. दहा पावलें मागें सरलें कीं तो आपल्या मापाला येतो. ही दहा पावलें कोणतेंहि भिंग आपणांकरितां चालत नाहीं.

अजिंठ्यास गोष्ट फिरते. पहिल्या लेण्यांतील पद्मपाणीपुढें फ्लॅशची मनाई आहे, आणि ती योग्यच आहे. एफ 2.8 च्या झूमनें जेथें सेकंदाचा पंधरावा भाग लागतो, तेथें एफ 1.4 च्या प्राइमला साठावा भाग पुरतो: चौपट प्रकाश. पंधराव्या भागांत हात हलतो, साठाव्यांत बहुधा सांवरतो. नव्या कॅमेऱ्यांनीं अंधाराची भीति बरीच कमी केली आहे, तरी गेरूच्या छटांतील सूक्ष्म भेद हे प्रकाश कमी पडतांच सर्वांच्या आधीं नाहींसे होतात. सव्विसाव्या लेण्यांत आमची तर पुरती फजिती झाली. आम्हीं लांब पल्ल्याचें झूम तेवढें नेलें होतें. सात मीटर लांबीच्या महापरिनिर्वाणमूर्तीपैकीं मस्तक आणि उशी एवढेंच चौकटींत आलें. मागें सरावें तर खांब.

निजाम सरकारच्या पुरातत्त्वखात्याचे प्रमुख गुलाम याझदानी यांनीं 1930 ते 1955 या काळांत छायाचित्रांवर आधारलेले अजिंठ्याचे चार भाग प्रसिद्ध केले, आणि 1991 सालीं बिनॉय बेहल यांनीं तेथील मंद उजेडांतच दीर्घकाळ कांच उघडी ठेवून तींच चित्रें टिपलीं. या दोन नोंदींच्या मधल्या काळांत भिंतीवरचें काय उरलें आणि काय गेलें, हें आज चित्रें शेजारीं ठेवून पाहतां येतें. गिलचे रंग आपल्या हातीं असते तर आणखी शतकभर मागें जातां आलें असतें.

आम्हीं स्वतः पुढच्या खेपेस वेरूळास झूम आणि अजिंठ्यास 35 मिलिमीटरचें प्राइम न्यावयाचें ठरविलें आहे. लेण्यांच्या धुळींत भिंगांची अदलाबदल करूं नये, म्हणून दोन दिवस दोन भिंगें. शहरांतील बीबीच्या मकबऱ्यास यांपैकीं कोणतेंहि चालेल. तेथें बागेंतली वाट चांगली लांब आहे.